पासच्या पलीकडचा डोंगर

रायपूरला तेलीबांध्याच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये लांजेवारांचं त्रिकूट ओळखीचं झालं ते पाठीवरच्या पिशव्यांमुळे. सर्वांत पुढे रत्नाकरराव, रेल्वेतून निवृत्त झालेले मालगाडीचे गार्ड. मध्ये त्यांच्या पत्नी अर्चनाबाई. आणि शेवटी, दोघांच्या पाठींवर नजर ठेवून चालणारी त्यांची मुलगी देवयानी. तिघांच्या पिशव्यांत पाण्याने भरलेल्या बाटल्या असत आणि त्यातला घोटभरही कोणी पीत नसे. ओझ्याची सवय व्हावी एवढाच त्या पाण्याचा उपयोग. बाकावर बसणाऱ्या एका सिंधी गृहस्थांना वाटे की ही मंडळी रोज स्टेशनला निघतात आणि रोज त्यांची गाडी चुकते. एकदा त्यांनी विचारलंच, ‘‘भैया, कौन सी गाड़ी है आपकी?’’ रत्नाकरराव चाल न मोडता म्हणाले, ‘‘अक्टूबर वाली. अभी लेट चल रही है.’’

जायचं होतं हिमालयात, तुंगनाथला. इच्छा अर्चनाबाईंची होती, आणि ती भक्तीतून आलेली नव्हती. मंडळातल्या बायका हेलिकॉप्टरने धाम करून आल्या, त्यांचे फोटो पाहून झाले, तरी त्या ढळल्या नव्हत्या. त्यांच्या इच्छेचं मूळ वेगळ्या ठिकाणी होतं. रेल्वेतल्या माणसाचं कुटुंब फुकट प्रवासाच्या पासवर फिरतं. तुमसरहून भाकरीच्या शोधात रायपूरला आलेल्या घरातले रत्नाकरराव गार्ड झाले, भनपुरीच्या बाजूला क्वार्टर मिळालं, आणि पुढे वर्षाकाठी मिळणाऱ्या पासवर या कुटुंबाने पुरी पाहिली, रामेश्वर पाहिलं, द्वारका पाहिली. रूळ संपले की लांजेवारांची यात्राही संपे. एका वर्षी हरिद्वारच्या फलाटाच्या टोकाशी उभं राहून अर्चनाबाईंनी उत्तरेकडे निळसर दिसणाऱ्या रेघेकडे बोट केलं आणि पुढे काय आहे असं विचारलं. पुढे लाइन नाही, असं उत्तर मिळालं. उत्तर बरोबरच होतं. पण काही बरोबर उत्तरं माणसाच्या मनात कुसळासारखी राहतात, तसं ते राहिलं.

सत्तरी गाठल्यावर एका सकाळी चहा गाळताना त्या सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, ‘‘मले एकदा लाइन नाही तिथं जाचं आहे. चालत.’’

रत्नाकररावांनी पेपरातून डोकं न काढता माहिती पुरवली की तिकडेही आता कर्णप्रयागपर्यंत लाइन होऊन राहिली आहे.

‘‘म्हनून तर लवकर जाऊ म्हनते,’’ अर्चनाबाई म्हणाल्या.

आईने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी देवयानीला आठवून पाहाव्या लागल्या, आणि फार आठवल्या नाहीत. त्यामुळे हे मागणं तिने सरकारी कागद हाती घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतलं.

देवयानीचं वय चाळिशीच्या पुढचं. लग्न जमलं नाही. मग तिनेही जमवलं नाही. नवा रायपूरच्या एका कार्यालयात ती गावांचे जुने कापडी नकाशे संगणकावरच्या नव्या नकाशांशी ताडून पाहण्याचं काम करते. जुन्या नकाशात नाला आहे आणि नव्यात नाही, तर नाला खरोखर बुजला की काढणाऱ्याचा हात चुकला, हे दुसऱ्या स्वतंत्र पुराव्यावाचून ती ठरवत नाही. सोबतचे लोक तिला मान देतात आणि डबा वेगळ्या टेबलावर खातात. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. वर्षानुवर्षं ती मान खाली घालून काम करत राहिली, आणि तिला कोणाची गरज नसते असा समज कार्यालयात हळूहळू पक्का झाला.

तुंगनाथ तिनेच निवडला. चोपत्यापर्यंत मोटारीचा रस्ता आहे, पुढची वाट बांधलेली आहे, फार लांब नाही, आणि कोणत्याही वळणावरून परत फिरता येतं. मात्र वाट सोपी म्हणजे उंची सोपी नव्हे, हे तिने आरंभीच स्वतःला बजावलं. रायपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, परातीसारखं सपाट शहर. देऊळ साडेतीन हजारांच्याही वर. तिथे श्वासागणिक हवा इथल्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने विरळ. फोनवर ऐंशी वर्षांची आजी धापा न टाकता कळसाशी पोचल्याचे व्हिडिओ पुष्कळ होते. देवयानीचा त्यांवर विश्वास बसला नाही. अर्ध्यातून परतलेल्या आज्यांचे व्हिडिओ कोण काढतं, हा तिचा प्रश्न होता.

शंकर नगरातल्या डॉक्टर वनमाला देशकर यांच्याकडे दोघांना नेऊन तिने सगळ्या तपासण्या करवून घेतल्या. अर्चनाबाईंचं बरं निघालं. रत्नाकररावांचा रक्तदाब गोळीने ताब्यात होता, पण आयुष्यभर कोळशाच्या गाड्यांमागे बसलेल्या छातीबद्दल डॉक्टरांनी हातचं राखून मत दिलं: आधी इथे कुठेतरी चढून पाहा, मग बोलू. औषधं आपणच लिहून देऊ, फोनवरचं वाचून कोणी काही घेऊ नये. वर एकदम जायचं नाही, खाली ऊखीमठात मुक्काम, मग चोपत्यात मुक्काम, मग चढ. आणि डोकं दुखू लागलं, मळमळलं, पाऊल वाकडं पडलं, तर वर एक पाऊलही टाकायचं नाही, खाली यायचं. देवयानीने हे सारं लिहून घेतलं आणि त्यात स्वतःचा एक नियम जोडला: डोंगरावर कोणीही एकटं राहणार नाही.

हा नियम साधा दिसतो. पण मांडायला बसल्यावर त्यातली अडचण तिच्या ध्यानात आली. बाबा मध्येच थांबले तर कोणीतरी त्यांच्याजवळ थांबायला हवं. ती थांबली तर आई पुढे एकटी. आई थांबली तर आईचा डोंगर तिथेच संपला. सगळ्यांनीच फिरावं हे सुरक्षित होतं, आणि देवयानीला नेमकं तेच नको होतं. बाबांची ड्यूटी, बाबांची बदली, बाबांची झोप यांनी आईचं आयुष्य जागोजागी थांबवलेलं तिने पाहिलं होतं. निदान हा एक प्रवास बाबांच्या श्वासापाशी अडू नये. बाबांना घरी ठेवण्याचा विषय कोणी काढलाच नाही. ‘मी संगं आहो’ असं ते पहिल्या दिवशीच म्हणाले होते आणि अर्चनाबाईंनी त्यावर मान हलवली होती.

म्हणजे चौथं माणूस हवं होतं. वाटाड्या पैसे देऊन मिळतो, आणि तो ती घेणारच होती. पण आई दमली की जास्त बोलायला लागते आणि बाबा दमले की शीळ घालतात, हे वाटाड्याला कुठून कळणार? त्याला वाटेल, म्हातारा मजेत आहे. चौथं माणूस असं हवं की ज्याला या दोघांचं खोटं ओळखता येईल.

सख्खा भाऊ पराग बंगळुरूला असतो. त्याला मराठी कळते, पण तो उत्तर हिंदीत देतो. दीदी, इतनी टेंशन क्यों, असं म्हणून त्याने हेलिकॉप्टरच्या एका कंपनीची माहिती पाठवली, मग विम्याची, मग हात जोडलेलं एक चिन्ह. ऑक्टोबरात त्याला सुटी नव्हती. ती नाहीच, हे देवयानीने दोनदा विचारून पक्कं केलं. शाळेपासूनची मैत्रीण मंजिरी आनंदाने हो म्हणाली आणि आठवड्याने मुलीच्या परीक्षेचं कारण सांगून रडवेली झाली. तिची समजूत देवयानीलाच काढावी लागली. नागपूरचा मावसभाऊ गौतम तर ऐकताक्षणी तयार झाला. दोन दिवसांनी कळलं की तो आपल्या आईला घेऊन येतो आहे, सासूला घेऊन येतो आहे, आणि सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं असल्यामुळे त्याआधीच डोंगर उरकलेला बरा, असं सर्वांचं मत पडलं आहे. त्या हिशेबाने तिला आता चौथं नव्हे, सातवं माणूस शोधावं लागलं असतं. बसमध्ये जागा नाही असं काहीतरी सांगून तिने तो विषय मिटवला. खोटं बोलल्याची रुखरुख मात्र बरेच दिवस राहिली.

उरला संग्राम. पूर्वी तो त्याच कार्यालयात समोरच्या टेबलावर होता. उन्हाळ्यात वीज गेली की दोघं जिन्यात उभं राहून चहा पीत. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताची पिशवी घेऊन तोच धावला होता, आणि घरी दोनतीनदा जेवूनही गेला होता. आता तो बिलासपूरला. देवयानीने फोन करण्याआधी काय बोलायचं ते मनात जुळवलं, खोलीचं दार लोटलं, आणि बोलताना हळूहळू तिचा आवाज चढत गेला, कारण पलीकडे लग्नाचा बँड वाजत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. तिच्या तयारीचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाला, ‘‘अरे मॅडम, आप तो सब अकेले ही कर लेती हैं.’’

तो हे आदराने म्हणाला, यात तिला शंका नव्हती. तिने त्याच्या घरच्या लग्नाला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर फोनमधली नावं ती वरपासून खालपर्यंत पाहत गेली. डॉक्टर होते, गॅसवाला होता, कार्यालयातले सगळे हुद्दे होते. वय वाढत जातं तसं माणसाचं गणगोत आपोआप जमत जातं असं ती कधीतरी धरून चालली होती. ही गोष्ट तिने कधी ताडून पाहिली नव्हती.

बाहेरच्या खोलीत त्या वेळी रत्नाकरराव पेपर घेऊन बसले होते. पेपराचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं नाही.

पावसाळा ओसरल्यावर परीक्षेसाठी डोंगरगढ ठरलं. देवीची टेकडी, वरपर्यंत पायऱ्या, आणि काही बिघडलं तर पायथ्याशीच स्टेशन. रत्नाकररावांनी नोकरीत या टेकडीखालून असंख्य वेळा गाडी नेली होती. वर मात्र कधी गेले नव्हते. मालगाडी देवीसाठी थांबत नाही, असं ते सांगत. डॉक्टरांचं म्हणणं, इथे बाबा नीट चढले तर तुंगनाथचं बोलू. देवयानीने तोवर तिकिटं काढली नव्हती.

जाताना गाडीतच रत्नाकररावांनी खिशातून एक हिरवा रुमाल काढला. योजना त्यांची स्वतःची होती. आपण पुढे राहू. प्रत्येक वळणावरून रुमाल दाखवू. तो दिसला की मागच्यांनी समजावं, सब ठीक, गाडी येऊ द्या. आयुष्यभर शेवटच्या डब्यातून त्यांनी हेच केलं होतं. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे त्यांना पटत नाही. मॅनेजर टेबलामागे बसतो, गार्ड वाऱ्यात उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. देवयानीला ही कल्पना आवडली. कोणी एकटं न राहण्याचा तिचा नियम त्यात किंचित वाकत होता, पण बाबांत आणि दोघींत एका वळणाचंच अंतर, तेही नजरेतलं. आणि बाबांची खूण म्हणजे बाबांची खूण. लांजेवारांच्या घरात गार्डने दाखवलेल्या हिरव्यावर आजवर कोणी शंका घेतलेली नव्हती.

पहिल्या वळणावर रुमाल दिसला. दुसऱ्यावर दिसला. अर्चनाबाई एका लयीत, पायऱ्यांच्या कडेच्या नारळ-चुनरीच्या दुकानांकडे न पाहता चढत होत्या. रुमाल हलला की त्याही हात वर करत. मधेच एका माकडाने कोणाचा तरी प्रसाद पळवला तेव्हा त्या पोरीसारख्या हसल्या, आणि देवयानीला वाटलं की हे जमणार, चौथ्या माणसावाचूनही जमणार.

पुढच्या वळणावर रुमाल आधीच दिसत होता. देवयानी पायरी चढू लागली, पण अर्चनाबाई थांबल्या होत्या. कपाळावर हात धरून त्या वर पाहत होत्या.

‘‘देवू, तो हात नाही,’’ त्या म्हणाल्या.

देवयानीला समजलं नाही. रुमाल फडफडत होता, स्वच्छ हिरवा.

‘‘बांधला आहे तो. वाऱ्यानं हालून राहिला. हातानं हालते तेव्हा असा नाही हालत.’’ आणि त्या पदर खोचून, मघाची लय सोडून चढू लागल्या. क्वार्टरच्या खिडकीतून त्यांनी हलणारी हिरवी झेंडी इतकी वर्षं पाहिली होती की हात आणि वारा यांतला फरक त्यांना डोळ्यांनी शिकवून ठेवला होता.

रुमाल एका दुकानाच्या बांबूला बांधलेला होता. आत, फुलांच्या टोपल्यांमागे, रत्नाकरराव पाय पसरून बसले होते. ओठांचा रंग गेला होता, आणि ते शीळ घालत होते. दुकानदारीण त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होती. धावत आलेल्या दोघींना पाहून ती म्हणाली, ‘‘थोकिन सुस्ता लेवन दे, दाई. बाबूजी कहत रहिस, नीचे वाले मन ला झन बताबे.’’ जरा विसावू द्या, असं ती म्हणत होती; खालच्यांना सांगू नको, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

रत्नाकररावांचा श्वास ताळ्यावर आला, पाणी प्यायलं, मग तिघंही खाली उतरली, आणि फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत बसली. देवयानीचा राग शांत होता, आणि त्यामुळे जास्त धारदार. ही खूण तिच्या सगळ्या आखणीचा पाया होती. वर, विरळ हवेत, अशी एक खोटी खूण म्हणजे काय, हे ती मोजक्या शब्दांत बोलली. नोकरीत असा झेंडा बांधून ठेवला असता का, असंही तिने विचारलं.

‘‘नसता बांधला,’’ रत्नाकरराव म्हणाले. ‘‘सस्पेंड झालो असतो.’’

‘‘मग इथं काहून?’’

ते रुळांकडे पाहत राहिले. मग सांगू लागले, आणि सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही. मी थांबलो असतो, तर तू चौथं माणूस शोधत बसली असती. तू फोन करत होती तेव्हा बाहेर सगळं ऐकू येत होतं. परागचा फोन ऐकला, मंजिरीचा ऐकला, त्या बिलासपूरच्या पोराचाही ऐकला.

‘‘तुले कोनी भेटून नव्हतं राहिलं,’’ ते म्हणाले. ‘‘म्हटलं, मी चढलो तर चौथ्याचं कामच नाही. तुले आनखी कोनाले विचारा नाही लागत.’’

आपल्याला हाक मारायला कोणी नाही, ही एक गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही, असं देवयानी समजून होती. दार लोटून घेतलं होतं ते उगाच. बाबांनी ती जाणली होती, आणि छाती फुटेपर्यंत पायऱ्या चढून झाकायला निघाले होते. समोरून एक मालगाडी धडधडत गेली. शेवटच्या डब्यातल्या माणसाने सवयीने झेंडी दाखवली, आणि रत्नाकररावांचा हात सवयीने अर्धा वर गेला.

गाडी गेल्यावर अर्चनाबाई बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की तिघं असलं तर चौथं लागतं. दोघं असलं तर लागत नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी पोरीने गावभर फोन कशाला करायचे? आम्ही दोघी वर जातो. तुम्ही खाली थांबा.

रत्नाकरराव चमकले. इतक्या वर्षांत आपल्यावाचून ती कुठे गेली नव्हती, अशा अर्थाचं काहीतरी ते पुटपुटले.

‘‘तुमी ड्यूटीवर जात होते तेव्हा येनार कधी, हे तुमाले मालूम नसे, मले मालूम नसे,’’ अर्चनाबाई म्हणाल्या. ‘‘सारी उमर मी वाट पायली. एक दिवस तुमी पाहा. शिकून घ्या.’’

त्यावर रत्नाकररावांना हसू आलं, आणि हसताना खोकला आला. तिकिटं दुसऱ्या दिवशी काढली गेली.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी चोपत्याला ऊन कोवळं होतं आणि हवा काचेसारखी कोरडी. ऊखीमठचा मुक्काम झाला होता, चोपत्याचा झाला होता, डॉक्टरांचं एकही वाक्य देवयानीने वगळलं नव्हतं. चहाच्या दुकानात चुलीजवळ रत्नाकररावांना बसवून, ओळखीच्या झालेल्या दुकानदाराला सांगून, वाटाड्यासह मायलेकी निघाल्या. वळणाआड जाण्याआधी अर्चनाबाईंनी मागे पाहिलं. रत्नाकरराव रस्त्याच्या मध्ये उभे होते, दोन्ही हात रिकामे, काय करावं हे न कळलेल्या माणसासारखे.

आई बोलत नव्हती, याचा अर्थ दमली नव्हती. गवताची कुरणं लागली, मग गवतावरचं पांढरं दहिवर, मग एका वळणावर शिखरांची रांग अचानक समोर आली. अर्चनाबाई उभ्या राहिल्या. हरिद्वारच्या फलाटावरून दिसलेली निळी रेघ ती हीच का, हे कोणालाही खात्रीने सांगता आलं नसतं. देवयानीने विचारलंही नाही.

तिथून पुढे मात्र आई बोलू लागली. क्वार्टरच्या नळाबद्दल, शेजारच्या पद्मिनीकाकूंच्या लोणच्याबद्दल, परागच्या मुंजीतल्या पाहुण्यांबद्दल. देवयानीने तिला खडकावर बसवलं आणि डोकं दुखतं का विचारलं. जरासं, असं उत्तर आलं. देऊळ वर दिसत होतं. घंटेचा आवाजही येत होता.

‘‘मी बसते इथं. हा भैया आहे माह्याजवळ,’’ अर्चनाबाई म्हणाल्या. ‘‘तू जाऊन ये. एवढं जवळ येऊन काहून परत जातं?’’

वाटाड्यानेही मान डोलावली. दीदी, अभी आ जाओगी, असं तो म्हणाला. देवयानीने देवळाकडे एकदा पाहिलं. जावंसं वाटलं नाही असं नव्हे. पण नियम तिने आईबाबांसाठी केला असला तरी त्यात तिचं नाव वगळलेलं नव्हतं. वर पोचून ती घंटेखाली एकटी उभी राहिली असती, आणि आपण इथे आलो हे वळून सांगायला जवळ कोणी नसतं. ती आईशेजारी खडकावर बसली. थोड्या वेळाने आईने तिच्या पाठीवरची पिशवी उतरवली, बाटली काढली आणि तिला आधी पाणी दिलं.

‘‘लाइन कुठंच दिसत नाही,’’ खाली पसरलेल्या दऱ्यांकडे पाहत अर्चनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तृप्ती होती. मग डोकेदुखी वाढण्याआधी दोघी वाटाड्यासह उतरू लागल्या.

उतरताना शेवटच्या वळणावरून दुकान दिसलं. दुकानापाशी काहीतरी हिरवं हलत होतं. देवयानीने आपसूक हात वर केला.

‘‘वारा आहे तो,’’ अर्चनाबाई म्हणाल्या.

खरंच, जवळ आल्यावर ते छपरावरच्या ताडपत्रीचं सुटलेलं टोक निघालं. रत्नाकरराव आत, वाटेकडे पाठ करून चुलीसमोर बसले होते. दुकानदार हसत सांगू लागला की बाबूजी आधी सारखे रस्त्यावर जाऊन उभे राहत, मग त्यांना ते सोसेना, मग त्यांनी पाठच फिरवली. चहा तीनदा सांगितला आणि तीनदा थंड केला.

पावलांच्या आवाजाने ते उठून बाहेर आले. अर्चनाबाईंना त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. देऊळ झालं का, हे विचारलं नाही. वाटाड्या पुढे आला, आणि त्याच्यामागे देवयानी. फाटकाशी आलेली गाडी मोजावी तशी त्यांची नजर एकेकावरून सरकत गेली आणि सवयीने तिच्याही पलीकडे, वर गेलेल्या वाटेवर जाऊन थांबली. शेवटचा डबा पाहिल्याशिवाय गाडी पुरी आली असं गार्ड म्हणत नाही.

वाट वळणापर्यंत मोकळी होती. तिच्यामागे कोणी येत नव्हतं.

देवयानीने त्यांची नजर पाहिली; मागे कोणी नाही हे वळून पाहण्याची गरज तिला नव्हती. रत्नाकररावांनी खिशातून रुमाल काढला, हात उंच केला, आणि ती अगदी समोर उभी असूनही, लांबून दिसावा तसा तो सावकाश हलवला.

‘‘पुरी आली,’’ ते म्हणाले. मग दुकानदाराला त्यांनी चार चहा सांगितले, आणि वाटाड्याला तिच्या शेजारी बसायला जागा करून दिली.